जिथं कुणी जाळं टाकलं नाही

कावेरीअक्कांना भाकितं करायची भारी खोड होती. ज्योतिष नव्हे हं, पंचांग त्या फक्त एकादशी कधी आहे ते पाहायला उघडत. त्यांची भाकितं असत ती कुठली वस्तू कुठं सापडेल याची. गांधीबाजारात कोवळ्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा कुठल्या गल्लीच्या तोंडाशी मिळतील, बस थांबल्यावर कुठल्या दाराशी गर्दी कमी असेल, माझी हरवलेली छत्री कुठं राहिली असेल, हे त्या आधी सांगून मोकळ्या होत. खरं ठरलं की भर रस्त्यात टाळी वाजवत. खोटं ठरलं की चिडत, आणि ते का खोटं ठरलं याचा छडा लागेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे. छत्री त्यांनी बरोबर ओळखली होती. ती ज्या शिंप्याकडे होती त्याच्याकडे मी गेले होते, हेच मी विसरले होते.

मी पुण्याहून बंगळूरला आले ते सत्त्याण्णव साल. बसवनगुडीत अक्कांच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली मला भाड्यानं मिळाली, आणि त्यांच्याच शब्दावर त्यांच्याच ऑफिसात नोकरीही मिळाली. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडं आलेलं. घरात बोलायचे मराठीच, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की पहिले काही दिवस माझं पुणेरी नाक सारखं वाकडं व्हायचं. "स्वल्प भात घे की," असं त्या म्हणाल्या की मी मनात दुरुस्ती करायची. पुढं दिवाळीला घरी गेले आणि आईला "स्वल्प सरक गं" म्हणाले, तेव्हा माझी दुरुस्ती झाली.

आमचं ऑफिस इंदिरानगरात एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर होतं. मालक उपेंद्र हे धारवाडकडचे, सज्जन आणि जन्मजात घाबरट. फोन वाजला तरी आधी त्यांचा चेहरा पडायचा आणि मग ते तो उचलायचे. गिरण्यांची, शाळांची, एका नर्सिंग होमची पगारपत्रकं करून देणं हा आमचा धंदा. अक्का संख्याशास्त्राच्या एम.एस्सी., वर्गात पहिल्या आलेल्या. तात्पुरत्या म्हणून इथं आल्या आणि लोकांचा ओव्हरटाइम मोजता मोजता केस पांढरे झाले. काम चोख करायच्या, पण त्या कामावर त्यांनी कधी टाळी वाजवलेली मी पाहिली नाही.

आणि अशा ऑफिसात एके दिवशी समुद्र आला. युरोपात पार उत्तरेकडच्या एका संस्थेला मासेमारी बोटींच्या जुन्या नोंदी कम्प्युटरवर चढवून हव्या होत्या, आणि टायपिंग आमच्याकडे स्वस्त पडत होतं. बोटीनं जाळं कुठं टाकलं, किती खोल टाकलं, वर काय काय आलं, अशा नोंदी. कॉड, हॅडक असले मासे, खेकडे, आणि मधूनच स्पंज. अक्कांनी टायपिंग थांबवलं आणि मला विचारलं, आंघोळीचा तो स्पंज का? मला कुठं ठाऊक. मग त्यांनी संस्थेतल्या बाईंना ई-मेल केला आणि तिकडून लांबलचक उत्तर आलं. बाईंना बहुतेक कुणी कधी स्पंजाबद्दल विचारलंच नसावं.

स्पंज हा प्राणी आहे, बाईंनी लिहिलं होतं. एका जागी बसून राहतो आणि अंगातून पाणी गाळून त्यातलं अन्न खातो. खोल, थंड, काळोख्या समुद्रात कुठं कुठं त्यांची रानंच्या रानं असतात, त्यांच्या आडोशानं कितीतरी जीव जगतात. ही रानं नेमकी कुठं आहेत हे फारसं कुणाला माहीत नाही. कोळ्यांना त्यांचा भलता राग. जाळ्यात स्पंज भरले की जाळं जड होऊन फाटतं, काचेच्या सुयांसारखे काटे हातांना बोचतात, आणि फाटलेलं जाळं शिवण्यात दिवस मोडतो. ते वाचून अक्का खुर्चीतून उठल्या, बसल्या आणि परत उठल्या.

"हे बघ की श्वेता," त्या म्हणाल्या, "तो जीव जागचा हलत नाही. त्याला पाहिजे तसली जागा मिळाली तर असणार, नाही तर नसणार. मग कुठं असेल ते सांगता येणार की."

झालं. त्या दिवसापासून अक्कांचे पाय जमिनीवर ठरेनात. समुद्राची खोली, उतार, पाण्याचं तापमान, प्रवाहाचा जोर, हे सगळे आकडे संस्थेकडे होतेच, ते त्यांनी मागवून घेतले. समुद्राचे चौकोन पाडले. ज्या चौकोनांत स्पंज मिळाले आणि ज्यांत मिळाले नाहीत त्यांच्यात फरक काय, हे कम्प्युटरकडून काढून घ्यायचं, आणि मग प्रत्येक चौकोनाला विचारायचं, तुझ्याकडे स्पंज असायची शक्यता किती? बोलायला इतकं सोपं, पण करताना आमचं बिचारं मशीन दिवसभर घरघरायचं. बसमध्ये, भाजी घेताना, देवापुढं निरांजन लावताना अक्का माझ्याशी प्रवाह आणि उतार यावर बोलायच्या. त्यांचे यजमान नरसिंहराव बँकेत होते. मला जिन्यात गाठून त्यांनी हळूच विचारलं, ऑफिसात सगळं ठीक आहे ना?

संस्थेतल्या बाईंना कल्पना पसंत पडली. तिकडंही असे प्रयत्न नुकतेच सुरू होत होते म्हणे. हिवाळ्यात समुद्र खवळायच्या आत त्यांचं जहाज शेवटच्या फेरीला निघणार होतं, दोराला बांधून तळाशी सोडायचा कॅमेरा घेऊन. तुमचा नकाशा पाठवा, बाईंनी लिहिलं, तुम्ही सांगाल त्या एका जागी आम्ही कॅमेरा सोडू. भाकीत खरं ठरलं तर पुढच्या सगळ्या समुद्राचं काम तुमच्याकडे. खोटं ठरलं तर काय, ते त्यांनी लिहिलं नव्हतं आणि लिहायची गरजही नव्हती. अक्का परत ओव्हरटाइम मोजायला बसणार होत्या, आणि यावेळी कायमच्या. त्यांच्या वयाच्या बाईला पुन्हा असं काम कोण देणार होतं?

नकाशा तयार झाला. प्रिंटरमधून निघालेले पट्टे आम्ही डिंकानं जोडले आणि शक्यतेप्रमाणे स्केचपेननं रंगवले. लाल म्हणजे स्पंज असणारच. लाल फार थोडं निघालं. दोन्ही कडांना पुसट किनार, आणि मधोमध उताराच्या अंगानं गेलेला एक भला मोठा पांढरा पट्टा, जिथं काहीच नाही. उपेंद्रांनी तो लगोलग पाठवूनही दिला, कारण लवकर पाठवलं की चिंता लवकर मिटते अशी त्यांची समजूत होती. अक्का मात्र आकडे पुन्हा पुन्हा चाळत बसल्या. त्या पांढऱ्या पट्ट्यातला उतार, तिथलं थंड पाणी, तिथला प्रवाह, सगळं स्पंजाला हवं तसं दिसत होतं. मग तिथं स्पंज का नसावेत? त्यांचं जेवण कमी झालं.

त्यातच नवरात्र आलं. बंगळूरला नवरात्रात घरोघरी गोंबे मांडतात, म्हणजे पायऱ्या पायऱ्यांवर बाहुल्या, वरती लाल चंदनाच्या लाकडाचे राजाराणी. संध्याकाळी बायका घरोघरी जाऊन त्या बघतात, हळदीकुंकू आणि उसळ घेतात आणि पुढच्या घराकडे वळतात. अक्का मला घेऊन निघाल्या. आमची फेरी कशी, तर शिस्तीत. एका घरी जरा वेळ, पुढच्या घरी जरा वेळ. एका कोपऱ्यावर आल्यावर अक्का एकदम रस्ता ओलांडून पलीकडच्या अंगाला गेल्या. मी नवखी. मला फाटक उघडं दिसलं, आत समई दिसली, मी सरळ आत शिरले. मागून अक्कांनी माझी ओढणी धरायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

ते घर अंबुबाईंचं. अंबुबाई म्हणजे अक्कांच्या आईच्या मैत्रीण, एकट्याच राहणाऱ्या. त्यांची ख्याती मला नंतर कळली. त्यांच्याकडे एकदा माणूस शिरला की जेवल्याशिवाय सुटत नाही. उसळीवर भागत नाही, चित्रान्न, बिसी बेळे भात, पायस, आणि वर प्रत्येक बाहुलीची कहाणी. संध्याकाळची सगळी फेरी तिथंच बुडते. म्हणून पेठेतल्या बायका त्या घराकडे न बघता पुढं सटकतात. इतकी वर्षं सटकल्या की अलीकडं अंबुबाईंकडे गोंबे मांडतच नाहीत असं सगळ्या म्हणू लागल्या होत्या. अक्काही तेच म्हणायच्या.

आत पाहते तर जमिनीपासून छताला टेकेपर्यंत पायऱ्या आणि त्यांच्यावर बाहुल्याच बाहुल्या. लग्नाची वरात, शेत, बाजार, दगडी देऊळ, पाळण्यातलं बाळ. त्या संध्याकाळी आम्ही पाहिलेल्या सगळ्या घरांचं एकत्र केलं असतं तरी इतकं भरलं नसतं. उसळीचं पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. त्यात डाव घातलेला नव्हता.

"अंबुबाई," अक्का ओशाळून म्हणाल्या, "तुमच्याकडं गोंबे बसवायचं बंद झालं म्हणून सगळी सांगतात."

अंबुबाईंनी ताटं मांडता मांडता मागं न बघताच विचारलं, "कोण सांगतंय गं? येऊन बघितलं कुणी?"

अक्कांच्या हातात उसळीचा द्रोण होता. "येऊन बघितलं कुणी," त्या पुटपुटल्या. मग पुन्हा एकदा म्हणाल्या, पण यावेळी त्यांचा आवाज बदलला होता. मी हा चेहरा ओळखत होते. टाळी वाजायच्या आधीचा तो चेहरा. त्यांनी द्रोण खाली ठेवला, अंबुबाईंच्या पाया पडल्या, आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. ताटं मांडलेली तशीच राहिली. मला फार वाईट वाटलं, पण अक्कांना त्या क्षणी काही दिसत नव्हतं.

"श्वेता, मी कोऱ्या चौकोनात शून्य घातलंय गं," रस्त्यात त्या म्हणाल्या.

सकाळी ऑफिसात त्यांनी मला ते दाखवलं. पगारपत्रकात रकाना कोरा असेल तर त्याचा अर्थ एकच, त्या माणसाचा ओव्हरटाइम शून्य. म्हणून आमच्याकडच्या प्रत्येक प्रोग्रॅमची सुरुवात कोरे रकाने शून्यानं भरूनच व्हायची. तो तुकडा अक्कांनी स्वतः फार वर्षांपूर्वी लिहिला होता, आणि दाराशी रांगोळी घालावी तितक्या सवयीनं सगळे तो आधी घालायचे. समुद्रालाही आम्ही तोच लावला होता. ज्या चौकोनात कुणी कधी जाळंच टाकलं नव्हतं, तिथं आम्ही ठणकावून लिहिलं होतं, स्पंज नाही. आणि तो पांढरा पट्टा सगळा असल्याच चौकोनांचा होता. पगारपत्रकं करणाऱ्यांनीच करावी अशी चूक.

"आणि जाळं का टाकलं नाही?" अक्का ऑफिसभर फिरत बोलत होत्या. "कारण कोळ्यांना ठाऊक आहे, तिथं जाळं फाटतंय. म्हणून ते चुकवून जातात. आम्ही अंबुबाईंना चुकवून जातो तसं."

शून्यं काढून टाकली, कोरे चौकोन कोरेच ठेवले आणि गणित पुन्हा मशीनला दिलं. पट्टे निघाले, आम्ही रंगवायला बसलो आणि माझा लाल स्केचपेन सुकला. खाली स्टेशनरीच्या दुकानात धावत जाऊन मी दुसरा आणला. मधला सगळा पांढरा पट्टा उताराच्या अंगानं लालभडक झाला होता. मला इतका आनंद झाला की मी अक्कांना मिठी मारली. पुण्यात मी माझ्या आत्यालाही कधी मिठी मारलेली नव्हती.

उपेंद्रांच्या तोंडचं पाणी पळालं. आधीचा नकाशा चुकला असं कळवायचं? जहाज निघायच्या तोंडावर? आणि नवा नकाशा तरी खरा कशावरून? दोघं कन्नडात बोलत होते, मला निम्मंच कळत होतं. पण अक्का काय म्हणाल्या ते मी नंतर नीट विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, चूक माझी आहे, पत्र माझ्या नावानं जाऊ दे, आणि भाकीत खोटं ठरलं तर मी जन्मभर पगारपत्रकं करीन, तोंडातून शब्द काढणार नाही. शेवटच्या वाक्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही.

मग अक्कांनीच तोड काढली. ज्या चौकोनांत जाळी पडली होती त्यांतला कुठलाही भाग उपेंद्रांनी स्वतः निवडावा. तो मशीनपासून लपवायचा, उरलेल्यावरून मशीननं लपवलेल्याचं भाकीत करायचं, आणि मग खरं काय ते पडताळून बघायचं. उपेंद्रांनी पश्चिमेकडचा कोपरा निवडला, कारण त्यांना तो सगळ्यांत अवघड वाटला. एवढ्यात वीज गेली. यूपीएस टूं टूं करू लागला. तरी मी चौकोनाचा आकडा वाचायची, अक्का स्क्रीनवर बघून सांगायच्या, "आहे" किंवा "नाही", आणि उपेंद्र हातातल्या कागदावर बोट ठेवून खरं काय ते सांगायचे. आहे, आहे. नाही, नाही. आहे, आहे. मध्ये एकदोन चुकले, पण बरोबर येत गेले तसे उपेंद्र आपण घाबरट आहोत हे विसरले आणि मीच वाचतो म्हणून माझ्या हातातून आकड्यांचा कागद ओढून घेऊ लागले. खालचा बेकरीवाला वर येऊन उभा राहिला. त्याला वाटलं आम्ही हौजी खेळतोय.

पत्र गेलं, अक्कांच्याच नावानं. चूक कशी झाली ते त्यांनी सरळ लिहिलं, पगारपत्रकासकट. अंबुबाईंचं लिहिलं नाही, कारण ते इंग्रजीत कसं सांगावं हे दोघींनाही सुचेना. उत्तर आलं ते फारसं गोड नव्हतं. जहाजाच्या कप्तानाचं म्हणणं, त्या पट्ट्यात कुणीच जात नाही, तिथं काही नाही, आणि तळाचा भरवसा नसल्यानं कॅमेरा अडकण्याची भीती. तरी कबूल केल्याप्रमाणे एकदा सोडू, एकदाच.

नंतरचे दिवस आम्ही कसे काढले ते विचारू नका. नवरात्र संपलं, बाहुल्या कागदात गुंडाळून पेटाऱ्यात गेल्या. अक्का कुणाचा ओव्हरटाइम दुसऱ्याला देऊ लागल्या. मी देवाधर्मातली नव्हे, पण बैलाच्या, म्हणजे मोठ्या नंदीच्या, देवळापाशी बस वळली की हात आपोआप जुळायचे. नरसिंहराव सकाळी पेपरात समुद्राच्या हवामानाची बातमी शोधायचे, जणू बंगळूरच्या पेपरात ती येणारच होती.

आणि एका दुपारी फॅक्स वाजला. कागद हळूहळू बाहेर येऊ लागला आणि उपेंद्र त्यावर ओणवे होऊन एकेक ओळ वाचू लागले. कॅमेरा तळाला लागला. चिखल. आणखी पुढं नेला. चिखल. अक्का खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. पुढची ओळ, चिखलच. मी मनात ओव्हरटाइमचे सगळे कागद टराटरा फाडले. मग कागद पुढं सरकला आणि उपेंद्र म्हणाले, एक दगड. मग म्हणाले, दगडावर एक स्पंज. मग त्यांनी मला हातानं बोलावलं. मी जाऊन पुढचं मोठ्यानं वाचलं. उतार सुरू झाला आणि तळच दिसेनासा झाला, इतके स्पंज होते. पांढरे, पिवळट, माणसाच्या कवेत न मावणारे. दिव्याचा उजेड पोचत होता तिथवर तेच होते, आणि दोर संपला तरी ते संपले नव्हते. खाली बाईंनी लिहिलं होतं, कावेरी, आम्ही सगळे जहाजावर नाचलो.

अक्कांनी टाळी वाजवली नाही. त्या होत्या तिथंच जमिनीवर बसल्या, आधी हसल्या आणि मग रडल्या, आणि मीही. उपेंद्रांनी सगळ्यांना खालच्या बेकरीतून दिलपसंद, म्हणजे खोबरं भरलेला गोड पाव, मागवलं. अक्कांनी त्यातला मोठा तुकडा कागदात बांधून घेतला, पर्स उचलली आणि मला म्हणाल्या, चल.

मला वाटलं घरी. पण बसमधून उतरून त्या तरातरा त्या कोपऱ्यावर गेल्या, रस्ता न ओलांडता. फाटक बंद होतं. अंबुबाईंनी दार उघडलं. पायऱ्या मोडून ठेवल्या होत्या, भिंत रिकामी होती. अक्का दारातच म्हणाल्या, "अंबुबाई, सापडलं."

काय सापडलं, ते अंबुबाईंनी विचारलं नाही. "हात धुवा," म्हणाल्या. अक्का पाटावर बसल्या. त्या घरात मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहत होते. समोर गरम भात आला, सारू आलं, तूप आलं. अक्का जेवता जेवता हात उडवून सगळं सांगत होत्या, काळोखातला समुद्र, न हलणारे ते जीव, मैलोन् मैल पसरलेले. अंबुबाई वाढायचं थांबून ऐकत होत्या.

"इतकं सगळं होतं तिथं," त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्षं कुणी गेलं का नाही गं?"

कोळ्यांच्या जाळ्यांचं सगळं त्यांच्या ओठांवर होतं, मला दिसत होतं. पण त्यांनी ते सांगितलं नाही.

"वेळ जाईल म्हणून, अंबुबाई," त्या म्हणाल्या.

अंबुबाईंनी मान हलवली आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. अक्कांनी पुरे म्हटलं नाही.